कंठस्थ प्रार्थना

प्रार्थना म्हणजे देवाशी मोकळेपणाने बोलणे, असे आपण शब्बाथशाळेत शिकतो आणि ते बरोबरच आहे. पण बोलायचे पुष्कळ असताना तोंडून शब्द फुटत नाही, असेही दिवस येतात. घरात मयत झालेली असते. डॉक्टरांनी दुखण्याचे नाव सांगितलेले असते. काढणीला आलेल्या पिकावर गारा पडलेल्या असतात. गुडघे टेकले जातात, डोळे मिटले जातात आणि ‘हे प्रभू’ यापुढे वाक्य सरकत नाही. अशा वेळी आपल्याकडची माणसे गाऊ लागतात. मोठ्याने नाही, ओठांतल्या ओठांत. कधी नुसती चाल, कधी एखादेच कडवे. ते शब्द दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्याच काळात, स्वतःच्या अडचणीत जुळवलेले असतात. तरी त्या घडीला ते अगदी आपले होतात आणि अडलेली प्रार्थना पुढे चालू लागते.

या पुस्तकाचा विषय तोच आहे. देवळाली प्रवरा, राहुरी फॅक्टरी आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरील कुटुंबांत घरच्या प्रार्थनेच्या वेळी जी भक्तिगीते म्हटली जातात, त्यांपैकी काही येथे एकत्र केली आहेत. मंडळीत सर्वांनी मिळून गाण्यासाठी ‘उपासना संगीत’ आहे. त्याची जागा घ्यावी असा हेतू नाही. हे पुस्तक उशाशी, कोनाड्यात, पवित्र शास्त्राच्या शेजारी ठेवण्यासाठी आहे. म्हणून गीतांची निवड करताना गायला ती किती चांगली, यापेक्षा एकट्या माणसाला ती किती उपयोगी पडली, हे पाहिले आहे.

मला जे म्हणायचे आहे ते थोडक्यात असे. आवडते गीत ही श्रद्धेची हौस नाही, ती श्रद्धेची शिदोरी आहे. ती बऱ्या दिवसांत बांधून ठेवावी लागते. वाईट दिवस आल्यावर बांधायला सवड मिळत नाही. ज्याला एकही गीत अथपासून इतिपर्यंत पाठ नाही, त्याच्या प्रार्थनेला पडत्या काळात आधार कमी पडतो. आणि ज्याला चार-पाच गीते अर्थासकट पाठ आहेत, त्याला अंधारात दिवा लावता आला नाही तरी प्रार्थना करता येते.

दुसऱ्याच्या शब्दांत आपली प्रार्थना करण्याची ही रीत आमच्या भागाला नवी नाही. देवळालीच्या परिसरातून पूर्वेकडे जाणारी प्रवरा पुढे नेवाशाला पोहोचते. तेथे शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, ही परंपरा सर्वांना ठाऊक आहे. इतका मोठा ग्रंथ ज्यांनी कधी वाचला नाही, अशा लाखो माणसांना त्याच्या शेवटचे पसायदान मात्र पाठ आहे. संध्याकाळी घरोघर म्हटल्या जाणाऱ्या हरिपाठाचेही तसेच. हरिपाठ म्हणणारी आजी त्यावर व्याख्यान देऊ शकणार नाही, पण तिच्या दिवसाला त्याच्यावाचून शेवट नसतो. श्रावणात गोदावरीतल्या सराला बेटाच्या परंपरेचा मोठा सप्ताह भरतो, तेव्हा गावेच्या गावे त्या नामघोषात सामील होतात. सप्ताह संपल्यावर त्यातला एखादा अभंग घेऊन माणूस घरी येतो आणि तो वर्षभर त्याच्यापाशी राहतो. सभेत ऐकलेले एकट्याच्या कामी येते ते असे.

आपल्याच राहुरी तालुक्यातील ताहाराबादला महिपती (1715–1790) होऊन गेले. त्यांनी 1762 मध्ये ‘भक्तविजय’ आणि 1774 मध्ये ‘भक्तलीलामृत’ हे ग्रंथ पूर्ण केले. संतांची चरित्रे सांगताना महिपती त्यांचे गाणे आणि त्यांचे जगणे वेगळे काढत नाहीत. अमुक संताची करुणा कोणत्या संकटात दाटून आली, कोणाच्या छळात त्याच्या तोंडी देवाचा धावा आला, हे त्यांनी साध्या ओवीत, बायाबापड्यांना कळेल असे सांगितले. गीताला त्याची कथा जोडून दिली की ते मनात जास्त खोल रुजते, हे त्यांनी ओळखले होते. या पुस्तकात गीतांच्या आधी गीतकर्त्याची दोन शब्दांत माहिती दिली आहे, त्यामागे ताहाराबादच्या या थोर माणसाचाच धडा आहे.

याच महिपतींच्या भक्तविजयाचे इंग्रजी भाषांतर पुढे अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन अ‍ॅबट यांनी पंडित नरहर गोडबोले यांच्यासह केले. मिशनचे काम सोडल्यानंतर अ‍ॅबट यांनी आपली उतारवयातली वर्षे महाराष्ट्रातील संतकवींवरच्या ग्रंथमालेला वाहिली. ख्रिस्ती धर्मोपदेशकाने वारकरी संतांची गीते अशा आदराने हाताळावीत, याचे मला नेहमी समाधान वाटते. भक्तीचे शब्द कुणाच्या दारातून आले, यापेक्षा ते माणसाला देवाकडे वळवतात की नाही, हे पाहणारी ती दृष्टी होती.

अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये नगरला आपले ठाणे केले. तेथूनच 1842 साली ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक सुरू झाले. मिशनऱ्यांपैकी हेन्री बॅलंटाईन यांनी मराठीत गीते तयार केली, इंग्रजी गीते मराठीत आणली. हे काम प्रेमाचे होते, पण त्यात एक मूळची अडचण होती. इंग्रजी गीताची चाल शब्दातल्या आघातावर उभी असते. मराठी ओळ अक्षरांच्या लांबी-आखुडीवर आणि ओघावर चालते. परक्या चालीत मराठी शब्द बसवले की जोर भलत्याच अक्षरावर येतो, दीर्घ अक्षर आखडते, ऱ्हस्व ताणले जाते. असे गीत पुस्तक हातात असेपर्यंत गाता येते. पुस्तक मिटले की जिभेवरून निसटते. मंडळीत आलेल्या नव्या विश्वासणाऱ्यांत अक्षरओळख नसलेले पुष्कळ होते. त्यांच्यासाठी जे पाठ होत नव्हते ते नसल्यासारखेच होते.

ही उणीव येथल्याच माणसांनी भरून काढली. नगरच्या मंडळीतील कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठमोळ्या चालींवर पदे रचली आणि ख्रिस्ती कीर्तन उभे केले. मराठी माणसाला कथा ऐकायची सवय कीर्तनात लागलेली. तीच रीत, तोच टाळ-मृदंगाचा ठेका, तीच पूर्वरंग-उत्तररंगाची मांडणी घेऊन शुभवर्तमान गावोगाव गेले. प्रवचन ऐकून माणूस मान डोलावतो आणि घरी जाऊन विसरतो. कीर्तनातले पद मात्र तो मोटेवर, खुरपणीला, जात्यावर म्हणू लागतो. आमच्या भागातल्या कित्येक घराण्यांत श्रद्धा रुजली ती पदांच्या वाटेने. जुन्या गीतपुस्तकांत गीताच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून एखाद्या परिचित पदाचे पहिले शब्द दिलेले असत. स्वरलिपी कुणाला येत नव्हती, पण ओळखीची चाल सांगितली की सारी सभा एका सुरात येई.

आणि मग रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावला 1861 साली जन्मलेले टिळक ख्रिस्ती होण्यापूर्वीच कवी म्हणून नावाजले होते. 1893 मध्ये राजनांदगावकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन धरले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढची बहुतेक वर्षे नगर हीच त्यांची कर्मभूमी राहिली. टिळक कुटुंबाने काही काळ राहुरीतही काढला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये त्या दिवसांचे वर्णन आहे. आमच्या तालुक्याच्या या जुन्या ओळखीचा मला अभिमान आहे, पण तो मिरवण्यासाठी मी हे सांगत नाही. टिळकांची गीते जिथे घडली आणि पहिल्यांदा गायली गेली, तो हाच मुलूख, हीच माणसे, हीच बोली. म्हणून ती आमच्या तोंडात अशी चपखल बसतात.

तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे टिळक सांगत. त्यांच्या ‘अभंगांजली’त याचा पुरावा पानोपानी मिळतो. अभंगाची घडण त्यांनी जशीच्या तशी घेतली. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण येतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाला यमक असते आणि चौथा छोटा चरण विचार पुरा करून थांबतो. श्वास घ्यायला तिथे जागा मिळते. एकट्याने, वाद्यावाचून, चालता चालता म्हणायला याहून सोयीची रचना नाही. शेकडो वर्षे पंढरीच्या वाटेवर तिची परीक्षा झालेली आहे.

अभंगाच्या शेवटी कवीची मुद्रा येते. तुकोबांच्या अभंगात तुका, नामदेवांच्या अभंगात नामा, चोखोबांच्या अभंगात चोखा. गाणारा त्या नावासकट अभंग म्हणतो आणि क्षणभर त्या संताच्या मागे उभा राहून त्याच्या तोंडाने देवाशी बोलतो. टिळकांनी आपल्या अभंगांत मुद्रा घेतली ती ‘दास’ ही. त्यात त्यांचे नाव नाही, घराणे नाही, पंडिताईचा मागमूस नाही. जो गाईल तो दास. उसाच्या फडातला तोडणी कामगार, कारखान्याच्या पाळीवरून आलेला फिटर, शाळेतली बाई, अंथरुणाला खिळलेले वडील, कुणीही त्या जागी सुखाने बसू शकते. वैयक्तिक प्रार्थनेत टिळकांची गीते इतकी वापरली जातात, त्याचे एक कारण मला यात दिसते.

टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली, साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला आणि 9 मे 1919 रोजी त्यांचे निधन झाले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. ज्या बाईला लहानपणी शाळा मिळाली नाही, अक्षरे नवऱ्याकडून गिरवावी लागली, तिने हे धाडस कशाच्या जोरावर केले असेल? ओवी तिच्या कानांत होती, गीत तिच्या घरात रोज होते. ऐकून ऐकून आणि म्हणून म्हणून जे अंगी मुरले, तेच पुढे लेखणीतून उतरले. तिच्या श्रद्धेची वाटही सोपी नव्हती. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतरची ताटातूट, मनातला प्रचंड झगडा आणि मग 1900 साली स्वतः घेतलेला बाप्तिस्मा, हे तिने लपवले नाही. भक्तिगीते अशा घरांत तयार होतात, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. ती सुखवस्तू माणसांची करमणूक नव्हती.

आपल्या कॅथलिक बांधवांकडेही ही परंपरा तेवढीच समृद्ध आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली गोव्यात राचोलला छापले गेले. जन्माने इंग्रज असलेल्या या जेजुइटाने सुमारे अकरा हजार ओव्यांत ख्रिस्तचरित्र मराठीत सांगितले, आणि प्रतिकूल काळात गोव्यातल्या भाविकांनी ते हाताने उतरवून घेऊन जपले. आमच्या शेजारच्या श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला सप्टेंबरमध्ये मतमाउलीची यात्रा भरते. तेथे पायी येणाऱ्या दिंड्यांत भजन चालू असते. पंथ वेगळे, उपासनेची रीत वेगळी. पण पाय दुखू लागले की ओठांवर गीत येते, हे दोहींकडे सारखेच.

आता एका शंकेचा विचार करू. काही विश्वासू माणसे विचारतात, की पाठ केलेले गीत म्हणणे ही खरी प्रार्थना कशी? त्यात आपले मन कुठे आले? ती नुसती घोकंपट्टी झाली. शंका प्रामाणिक आहे आणि तिला उत्तर पवित्र शास्त्रातच आहे. स्तोत्रसंहितेतील 150 स्तोत्रे हे इस्राएल लोकांचे गीतपुस्तक. येशू ते पाठ करत वाढला. शेवटच्या भोजनानंतर तो आणि शिष्य स्तोत्र गाऊन जैतुनांच्या डोंगराकडे निघाले, असे मत्तय सांगतो. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर वेदनेच्या शिखरावर त्याच्या तोंडून जे निघाले, ते बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वाक्य होते. आणि लूकच्या शुभवर्तमानात प्राण सोडताना त्याने जे म्हटले, ते एकतिसाव्या स्तोत्रातले आहे. देवाच्या पुत्राने आपल्या सर्वांत खोल, सर्वांत खासगी प्रार्थनेसाठी लहानपणी पाठ केलेल्या गीताचे शब्द घेतले. यानंतर पाठांतराला कमी लेखण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही. घोकंपट्टी आणि कंठस्थ प्रार्थना यांतला फरक पाठ असण्या-नसण्याचा नाहीच. म्हणताना मन तेथे आहे की नाही, एवढाच आहे. मन नसेल तर स्वतःच्या शब्दांतली प्रार्थनाही पोकळच होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

तुरुंगात मध्यरात्री गाणारे पौल आणि सीला आठवावेत. फिलिप्पैच्या त्या कोठडीत त्यांचे पाय खोड्यात अडकवलेले होते, पाठ फटक्यांनी सोललेली होती. ग्रंथाची गुंडाळी हातात असण्याचा प्रश्नच नव्हता. जे कंठात होते तेवढेच त्यांच्यापाशी होते, आणि बाकीचे बंदिवान ते कान देऊन ऐकत होते. एकाची वैयक्तिक प्रार्थना दुसऱ्याच्या श्रद्धेला कशी उभारी देते, त्याचे हे उदाहरण.

हे केवळ ख्रिस्ती लोकांपुरते नाही. गांधीजींच्या दिवसाची सुरुवात आणि अखेर सामुदायिक प्रार्थनेने होई आणि त्यांची काही गीते ठरलेली होती. त्यांचे आवडते नरसी मेहतांचे भजन सर्वांना ठाऊक आहे. त्याच मायेने त्यांनी जॉन हेन्री न्यूमन आणि हेन्री फ्रान्सिस लाइट यांची इंग्रजी गीते जवळ केली. लाइट यांनी आपले ते गीत 1847 साली, क्षयाने शरीर खचत असताना पूर्ण केले आणि त्याच वर्षी ते वारले. मावळत्या दिवसाला देवाची सोबत मागणारे ते शब्द मरणाच्या उंबरठ्यावरचे आहेत, हे कळल्यावर ते वेगळेच ऐकू येतात. आश्रमातल्या प्रार्थनेसाठी भजनावली तयार करण्याचे आणि तिला चाली देण्याचे काम पंडित नारायण मोरेश्वर खरे या मराठी गायकाने केले. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या या शिष्यामुळे तुकोबांचे अभंग साबरमतीच्या प्रार्थनाभूमीवर नित्याचे झाले. 1924 साली हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी गांधीजींनी दिल्लीत 21 दिवसांचा उपवास केला. 8 ऑक्टोबरला तो सुटला, तेव्हा विनोबांनी उपनिषद म्हटले, इमामसाहेबांनी कुराणातील प्रार्थना म्हटली आणि चार्ल्स अँड्र्यूज यांनी आयझॅक वॉट्सचे वधस्तंभाविषयीचे गीत गायले. कुणी कुणाचे गीत बदलायला लावले नाही. प्रत्येकाने आपल्या श्रद्धेतले जे सर्वांत मोलाचे, ते त्या माणसाच्या उशाशी आणून ठेवले.

एखादे गीत आवडते कसे होते? यादी वाचून कुणी ते निवडत नाही. बहुतेक वेळा तेच आपल्याला गाठते. आईच्या अंत्यविधीला गायलेले गीत, लग्नाच्या उपासनेतले गीत, पहिल्या प्रभुभोजनाच्या रविवारचे गीत, इस्पितळातून सुटका झाल्यावर घरच्या उपकारस्तुतीच्या सभेत शेजाऱ्यांनी म्हटलेले गीत. त्या दिवसापासून त्या ओळींना एक माणूस, एक घर, एक दिवस चिकटतो. म्हणूनच रविवारी मंदिरात सारी मंडळी एकच गीत गाते, पण शंभर माणसे शंभर वेगळ्या प्रार्थना करत असतात. एका बाकावर बसलेल्या दोघी बहिणींना एकाच कडव्यात दोन वेगळी माणसे आठवतात. मंडळी गीत देते आणि ज्याचा त्याचा एकांत त्याची प्रार्थना करतो. या दोहोंपैकी एकही सुटले तर गीत अर्धे राहते. मंदिरात न जाणाऱ्याच्या कंठात नवे गीत येत नाही, आणि घरी न म्हणणाऱ्याच्या कंठात जुने टिकत नाही.

वय झाल्यावर याचे मोल आणखी कळते. नातवंडांची नावे विसरणारे आजोबा ध्रुवपद सुरू केले की पुढची तीन कडवी बिनचूक म्हणतात, हे अनेक घरांनी पाहिले आहे. चालीबरोबर बसलेले शब्द आठवणीत खोलवर राहतात आणि बाकीचे पुसट झाल्यावरही पुष्कळ काळ टिकतात. अशा माणसाजवळ बसून त्याचे गीत म्हणणे ही त्याच्यासाठी प्रार्थना आहे आणि त्याच्याबरोबरही प्रार्थना आहे. मंडळीतल्या तरुणांनी ही सेवा अवश्य करावी.

मात्र आवडीलाही शिस्त हवी. मनाला सोपे वाटते ते नेहमी धीर देणारे गीत. सांत्वनाची दोन गीते पाठ करून आपण थांबतो आणि आपली प्रार्थना तेवढ्यातच फिरत राहते. स्तोत्रसंहिता तशी नाही. तिच्यात आनंद आहे, तक्रार आहे, संताप आहे, पश्चात्ताप आहे, राष्ट्रासाठी रडणे आहे, सृष्टीकडे बघून थक्क होणे आहे. एक्कावन्नावे स्तोत्र आवडते म्हणून सांगणारा माणूस क्वचितच भेटतो, कारण ते आपली चूक आपल्यापुढे धरते. पण त्याच्यावाचून तेविसाव्या स्तोत्राचा विसावाही पुरता लाभत नाही. पसायदानाकडेही या दृष्टीने पाहावे. नऊ हजार ओव्यांचे काम पुरे करून ज्ञानदेवांनी देवाकडे मागणे मागितले, ते दुष्टांची दुष्टाई जावी आणि सर्व जीवांत मैत्री व्हावी असे. स्वतःसाठी जवळजवळ काहीच नाही. आपल्या आवडत्या गीतांत दुसऱ्यासाठी मागणारे गीत किती, हे प्रत्येकाने एकदा तपासावे. एकही नसेल तर आपल्या प्रार्थनेत काहीतरी उणे आहे.

म्हणून या पुस्तकातील गीते पाच भागांत लावली आहेत: सकाळची, पश्चात्तापाची, उपकारस्तुतीची, दुःखातली आणि इतरांसाठी मागणारी. प्रत्येक भागातले निदान एक गीत पाठ असावे, अशी माझी विनंती आहे. पाठ करताना घाई नको. आठवड्याला एक कडवे पुरे. आधी चालीवाचून, नुसते बोलल्यासारखे म्हणावे, म्हणजे अर्थ पुढे येतो. चाल नंतर आपोआप सोबत येते. एखाद्या ओळीशी मन अडले तर तेथेच थांबावे आणि पुढचे आपल्या शब्दांत देवाशी बोलावे. गीताने प्रार्थनेचे दार उघडले की त्याचे काम झाले. ते पुरे म्हटलेच पाहिजे असे नाही. अर्थ न लागणारा जुना शब्द भेटला तर पाळकसाहेबांना किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावा. आणि ‘मी’च्या जागी कधीतरी ‘आम्ही’ घालून पाहावे. आजारी शेजाऱ्याचे नाव मनात धरून तेच कडवे पुन्हा म्हणावे.

हल्ली गीतांना तोटा नाही. मोबाईलवर हवे ते गीत हवे तेव्हा ऐकता येते, मंदिरातल्या पडद्यावर ओळी उमटतात, हिंदी-इंग्रजीतली नवी उपासनागीते तरुणांच्या तोंडी आहेत. यात वाईट काही नाही. टिळक आणि सांगळेही त्यांच्या काळात नवेच होते, आणि नव्या पिढीने नवी चाल आणलीच पाहिजे. काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. पडद्यावरची ओळ पुढच्या ओळीसाठी निघून जाते आणि डोळ्यांनी वाचलेले कंठापर्यंत पोहोचत नाही. महिन्याला दहा नवी गीते ऐकली, पण एकही पाठ झाले नाही, तर अडचणीच्या रात्री बॅटरी संपलेल्या फोनसारखी आपली गत होईल. नवे गीत जरूर घ्यावे, पण ते आपले होईपर्यंत सोडू नये. शिवाय घरात मराठीत रडणारे-हसणारे आपण प्रार्थनाही मराठीत करतो. म्हणून मराठी गीताची जागा घरच्या उपासनेत राखून ठेवावी. नव्या कवींनीही या बोलीत, या मातीच्या चालींत लिहावे. प्रवरेच्या काठाने आजवर ते काम कुणावाचून अडू दिलेले नाही.

पुस्तकाच्या शेवटी काही पाने मुद्दाम कोरी सोडली आहेत. येथे न आलेली पुष्कळ गीते तुमच्या घरात आहेत. तुमच्या आजीला, आजोबांना, मामांना, वस्तीवरच्या एखाद्या म्हाताऱ्या बाईला या आठवड्यातच विचारा: तुमचे गीत कोणते, आणि ते तुमचे केव्हा झाले? ते सांगतील तसे, त्यांच्याच चालीचे नाव घालून, त्या पानांवर उतरवून घ्या. ते गीत घरातल्या मुलांकडून पाठ करून घ्या आणि त्या माणसासमोर एकदा सर्वांनी मिळून म्हणा. एवढे झाले तर हे पुस्तक काढल्याचे सार्थक होईल.